स्कायलाइन ड्राइव्ह : 'रिकाम्या' डोंगराची गोष्ट आणि एका सर्व्हेची उलटतपासणी



पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं आणि आता सिनॉप्सिस लिहायचाय, या टप्प्यावर असलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "आधीच्या संशोधकाने छापील पुस्तकात, आकडेवारीसकट लिहून ठेवलंय. मग त्यावर शंका घ्यायची ती कशाच्या जोरावर?" या प्रश्नाचं उत्तर आज नियमांच्या यादीने न देता एका रस्त्याच्या इतिहासातून देते. रस्ता अमेरिकेतला आहे, अ‍ॅपालाचियन डोंगररांगेतला. मी मुळात विज्ञानशाखेची. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर आधी 'सॅम्पल कसं घेतलं?' इकडेच जाते. या गोष्टीत ती सवय चांगलीच कामाला येते.

रस्ता कुठला?

तुमचं कोणी वॉशिंग्टन डी.सी.च्या आसपास राहत असेल, तर ऑक्टोबरमध्ये लाल-पिवळ्या झाडीचे फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आले असतील. त्यातले बरेचसे स्कायलाइन ड्राइव्हवरचे असतात. व्हर्जिनिया राज्यात ब्लू रिज डोंगराच्या माथ्यावरून, शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हा रस्ता जातो. उत्तरेला फ्रंट रॉयल, दक्षिणेला रॉकफिश गॅप, मध्ये १०५ मैल, म्हणजे जवळपास १६९ किलोमीटर. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. कडेला दगडी कठडे, आणि ठरावीक अंतरावर गाडी थांबवून दरी बघायच्या जागा.

काम सुरू झालं १९३१ मध्ये, हर्बर्ट हूव्हर राष्ट्राध्यक्ष असताना. पहिला टप्पा १९३४ मध्ये खुला झाला, तर आजचा दक्षिणेकडचा शेवटचा टप्पा १९३९ मध्ये. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या मुलांनी कठडे बांधले, उतार सारखे केले, झाडं लावली. २००८ मध्ये या रस्त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

इथवरचा इतिहास कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. आता एक साधा प्रश्न विचारून बघा. रस्ता झाला तेव्हा या डोंगरात कोण राहत होतं?

डोंगर रिकामा नव्हता

दोन सोंडांच्या मधल्या अरुंद खोऱ्याला तिथले लोक 'हॉलो' म्हणतात. अशा हॉलोंमध्ये कित्येक पिढ्या वस्ती होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच तिथे शेतकरी कुटुंबं होती. मका, सफरचंदाच्या बागा, गुरं, पिठाच्या चक्क्या, चर्च, शाळा, कुठे दुकान आणि पोस्ट ऑफिस, असं एकंदर जगणं.

अमेरिकी संसदेने १९२६ मध्ये उद्यानाला मंजुरी दिली, पण एक अट होती. जमीन केंद्र सरकार विकत घेणार नाही, राज्याने ती मिळवून केंद्राला द्यायची. व्हर्जिनियापुढे अडचण अशी की जमिनीचे हजारांहून जास्त तुकडे होते आणि प्रत्येक मालकाशी वाटाघाट करायची तर वर्षानुवर्षं गेली असती. मग १९२८ मध्ये राज्याने एक खास कायदा केला. त्याने एकेका काउंटीतली सगळी जमीन एकाच दाव्यात ताब्यात घेता येऊ लागली. शेवटी राज्याने सुमारे १,७६,००० एकर जमीन केंद्राच्या हवाली केली.

सुरुवातीला अनेकांची समजूत होती की आपल्याला राहू देतील. १९३४ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक आर्नो कॅमरर यांनी स्पष्ट केलं की उद्यानात कोणीच राहणार नाही. त्या वेळी आत पाचशेच्या आसपास कुटुंबं होती. त्यातल्या अनेकांच्या नावावर जमीनच नव्हती. ते कुळं म्हणून किंवा नातेवाइकांच्या जागेत राहत होते, त्यामुळे त्यांना भरपाई मिळण्याचा प्रश्नच नव्हता. २६ डिसेंबर १९३५ ला उद्यान अधिकृतपणे अस्तित्वात आलं.

इतक्या लोकांना हलवायचं तर समाजाला ते पटावं लागतं. इथे आपल्या कामाचा भाग सुरू होतो, कारण पटवण्याच्या कामात एक संशोधन आलं.

'हॉलो फोक' : पुस्तक आणि त्याची रचना

१९३३ मध्ये 'हॉलो फोक' नावाचं पुस्तक आलं. लेखक दोन. मँडेल शर्मन हे मानसशास्त्रज्ञ आणि थॉमस हेन्री हे पत्रकार. मिरियम सायझर नावाच्या शिक्षिकेने या डोंगरात जे फील्डवर्क केलं होतं, तेही त्यांच्या हाताशी होतं. याच सायझरबाईंनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांसाठीही तिथल्या कुटुंबांची पाहणी केली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुस्तकाची रचना अशी. लेखकांनी पाच वस्त्या निवडल्या, त्यांना टोपणनावं दिली आणि एका शिडीवर मांडल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर 'कॉल्विन हॉलो', म्हणजे प्रत्यक्षातली कॉर्बिन हॉलो. तिचं वर्णन असं की बाहेरच्या जगाचा स्पर्शच न झालेली, काळाच्या मागे राहिलेली माणसं. सगळ्यात वर एक गाव, जिथे रस्ता आणि शाळा पोचली होती. मधल्या तीन वस्त्या मधल्या पायऱ्यांवर. वाचकाने एकेक पायरी चढत जायचं, म्हणजे माणूस मागासलेपणातून आधुनिकतेकडे कसा आला ते दिसणार.

वाचायला फार आकर्षक. आता आपण कोर्सवर्कमध्ये शिकलो ते लावून बघू या.

पहिली अडचण: एकाच वेळी शेजारी-शेजारी असलेल्या पाच वस्त्या म्हणजे एकाच समाजाची पाच शतकं नव्हेत. जीवशास्त्रातली मंडळी लगेच ओळखतील. एकाच दिवशी पाच वेगवेगळ्या झाडांची उंची मोजायची आणि म्हणायचं की एक झाड असं वाढतं! त्यासाठी बाकी सगळं सारखं आहे हे आधी दाखवावं लागतं. इथे ते सारखं नव्हतंच. निकल्सन हॉलोमध्ये मोठ्या जमिनी असलेली जुनी शेतकरी घराणी होती. वीकली हॉलोच्या बाजूला चक्की, दुकान, चर्च होतं. कॉर्बिन हॉलो त्या मानाने उशिरा वसलेली, जमीन चढाची आणि थोडी.

दुसरी अडचण: मोजणी कधी झाली? १९२९ नंतरच्या तीन-चार वर्षांत. त्याआधीच अमेरिकन चेस्टनटच्या झाडांवर बुरशीचा रोग येऊन डोंगरातली चेस्टनटची जंगलं वाळून गेली होती. चेस्टनटची फळं विकून आणि साल चामड्याच्या कारखान्यांना देऊन लोकांच्या हाती रोख पैसा यायचा, तो बंद झाला. मग जागतिक मंदी. मग १९३० चा भीषण दुष्काळ. अशा वेळी कोणाच्याही घरात डोकावलं तर काय दिसेल? ती हालत 'कायमची' म्हणून नोंदवली गेली.

तिसरी अडचण माझ्या मते सगळ्यात मोठी. कॉर्बिन हॉलो गरीब होती यात वाद नाही. पण ती 'तुटलेली' होती का? तिथून जवळच स्कायलँड नावाचं डोंगरातलं पर्यटनस्थळ होतं, जॉर्ज फ्रीमन पोलॉक यांचं. उद्यान व्हावं म्हणून जोर लावणाऱ्यांत हे पोलॉक पुढे होते. कॉर्बिन हॉलोची माणसं तिथे मजुरीला जायची आणि पाहुण्यांना विणलेल्या टोपल्या विकायची. मंदीत पाहुणे घटले आणि ही कमाई आटली. म्हणजे ज्या वस्तीला लेखकांनी जगापासून सर्वांत तुटलेली म्हटलं, तीच पैशाच्या बाजारावर सर्वांत जास्त अवलंबून होती. उलट, स्वतःची जमीन असलेले शेजारी मंदीत तुलनेने तगून राहिले. कारण आणि परिणाम यांची सांगड उलटी घातली की असं होतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. शर्मन यांना कोणी सरळ 'खलनायक' म्हणू नये. १९३२ मध्ये कोरा की यांच्यासोबत त्यांनी याच डोंगरातल्या शंभराहून थोड्या जास्त मुलांवर बुद्धिमत्ता चाचण्यांचा पेपर छापला. मुलांचं वय वाढतं तसा त्यांचा बुद्ध्यांक घसरतो, आणि याचं कारण रक्तात नसून परिस्थितीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सगळं काही आनुवंशिक आहे असं मानणाऱ्यांचा तेव्हा जोर होता. त्या काळात हा निष्कर्ष पुढारलेलाच म्हणायचा. पण त्याचाच दुसरा अर्थ काय निघतो? परिस्थितीच माणसाला खाली ओढते, तर माणसाला तिथून उचला! हेतू चांगला असला तरी आपला निष्कर्ष कोणाच्या हातात जातो, हे संशोधक ठरवू शकत नाही. निदान अंदाज तरी घ्यावा.

तारखा एका ओळीत मांडा

इथे अनेक लेख घाई करतात आणि लिहून टाकतात की 'हॉलो फोक'मुळे लोकांची घरं गेली. तुम्ही असं लिहिलंत तर चांगला गाईड तिथेच लाल खूण करेल. तारखा बघा. संसदेची मंजुरी १९२६, जमीन घेण्याचा कायदा १९२८, रस्त्याचं काम १९३१, पुस्तक १९३३, सगळ्यांना काढण्याचा निर्णय १९३४. कायदा पुस्तकाच्या पाच वर्षं आधीचा आहे. म्हणजे पुस्तक मूळ कारण नाही.

मग पुस्तकाने केलं काय? आधीच ठरलेल्या गोष्टीला शास्त्राचा आधार दिला. लोकांना हलवणं म्हणजे त्यांच्यावर उपकार, असं सांगणं सोपं झालं. आणि दुसरं म्हणजे, ते पुस्तक संदर्भ म्हणून टिकलं. पुढची कित्येक वर्षं या डोंगराबद्दल लिहिणारे त्याच वर्णनाचा आधार घेत राहिले. 'कारण' आणि 'समर्थन' हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रबंधात ते वेगळेच ठेवा.

चित्रांचंही असंच. ऑक्टोबर १९३५ मध्ये आर्थर रॉथस्टीन यांनी सरकारच्या पुनर्वसन विभागासाठी या हॉलोंमध्ये फोटो काढले. ते आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि सहज बघता येतात. अप्रतिम फोटो आहेत. पण पुनर्वसन का हवं हे जनतेला दाखवणाऱ्या विभागाचा हा फोटोग्राफर होता. मोडकं घर फ्रेममध्ये आलं, शेजारचं नीटनेटकं घर आलं की नाही, हे फोटोला विचारून कळत नाही.

मग दुसरा पुरावा कुठून आणायचा?

इथून पुढचा भाग संशोधनाला निघालेल्यांनी नीट वाचावा. एका छापील पुस्तकाला उत्तर द्यायला चार वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे कामी आले.

*एक, कागदपत्रं.* सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स पर्ड्यू आणि नॅन्सी मार्टिन-पर्ड्यू या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी जनगणना, जमिनीचे दस्त आणि दाव्यांची कागदपत्रं समोर ठेवून 'हॉलो फोक'मधलं चित्र तपासलं. ते जुळेना. गंमत अशी की जमीन ताब्यात घेताना राज्यानेच प्रत्येक तुकड्याची पाहणी करून घर केवढं, बाग किती, किंमत काय हे लिहून ठेवलं होतं. ज्या यंत्रणेने लोकांना हटवलं, तिच्याच फायलींमध्ये त्यांच्या नांदत्या घरादारांची नोंद सापडली.

*दोन, माती.* नव्वदच्या दशकात पुरातत्त्वज्ञ ऑड्री हॉर्निंग यांनी निकल्सन, कॉर्बिन आणि वीकली या तीन हॉलोंचं सर्वेक्षण केलं. घरांचे पाये, चुलींचे दगड, विहिरी, कुंपणं, कचऱ्याचे ढीग, सगळं नोंदवलं. कचऱ्यात काय निघालं? नक्षीच्या कपबश्यांचे तुकडे, औषधांच्या बाटल्या, खेळणी, ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे, मोटारगाडीचे भाग. बाटल्यांवर आणि भांड्यांवर बनवणाऱ्याच्या खुणा असतात, त्यावरून काळ ठरवता येतो. पाया कोणत्या तुकड्यात पडतो हे नकाशांवरून कळतं. म्हणजे वस्तू, काळ आणि घर यांची सांगड बसते. बाहेरच्या जगाचा स्पर्श नसलेल्या माणसांच्या उकिरड्यात ग्रामोफोनची तबकडी कुठून येईल?

*तीन, पत्रं.* घरं रिकामी होत असताना लोक उद्यानाच्या अधिकाऱ्यांना हाताने पत्रं लिहीत होते. सुमारे तीनशे पत्रं उद्यानाच्या दफ्तरात राहिली. कॅट्रिना पॉवेल यांनी त्यांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये ती पुस्तकरूपात आणली. विषय अगदी साधे. शेतातलं पीक काढून नेऊ का? शेजारच्या रिकाम्या घराची खिडकी, दारं, फळ्या मिळतील का? जायचं कधी, आणि कुठे? स्पेलिंग चुकलेलं असेल, पण आपला हक्क कुठला आणि तो कोणाकडे मागायचा हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

*चार, तोंडी आठवणी.* सत्तरच्या दशकात जुन्या रहिवाशांच्या मुलाखती टेपवर घेतल्या गेल्या. त्यांचा संग्रह आज जेम्स मॅडिसन विद्यापीठात आहे. मुलाखतींचा तोटा माहीत आहेच, चाळीस वर्षांनी आठवण गोड होते. म्हणूनच ती एकटी वापरायची नाही, दस्त आणि पत्रांच्या शेजारी ठेवून वाचायची.

या चारही पुराव्यांत त्रुटी आहेत, पण त्रुटी वेगवेगळ्या आहेत. दस्तांमध्ये भूमिहीन दिसत नाहीत. मातीत माणसाचं मत सापडत नाही. पत्रं फक्त लिहिणाऱ्यांची. आठवणी उशिराच्या. चारही वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा निष्कर्षाला बळ येतं. ट्रँग्युलेशन हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो, त्याचा अर्थ हा.

आणि दुसऱ्या टोकाला जाऊ नका

'हॉलो फोक' चुकलं म्हणून डोंगरात रामराज्य होतं असं लिहायचा मोह होतो. तेही खरं नाही. काही कुटुंबं खरोखर हलाखीत होती. काहींना सरकारने बांधलेल्या नव्या वसाहतींमध्ये १९३७-३८ च्या सुमारास घर मिळालं आणि त्यांना ते आवडलंही. काहींनी मात्र शेवटपर्यंत विरोध केला. रॉबर्ट व्हाया या जमीनमालकाने न्यायालयात आव्हान दिलं की एका सरकारने माझी जमीन घेऊन दुसऱ्या सरकारला भेट द्यायची हे कुठल्या हक्काने? १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याच वर्षी मेलँक्टन क्लायझर या माणसाला बेड्या घालून त्याच्या घरातून बाहेर काढलं, तेव्हा त्याने तिथेच राष्ट्रगीत म्हटलं. थोड्या वृद्धांना, चाळीसच्या आसपास, मरेपर्यंत राहण्याची मुभा मिळाली. त्यांच्यातल्या शेवटच्या, अ‍ॅनी शेंक, १९७९ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी वारल्या. राजीखुशीने गेलेले आणि बेड्या घालून नेलेले, दोघंही आपल्या प्रबंधात मावले पाहिजेत.

आज रस्त्यावर काय दिसतं?

अडतिसाव्या मैलाच्या जरा अलीकडे, रस्त्यावरून एक पायवाट खाली निकल्सन हॉलोत उतरते. तिथे जॉर्ज कॉर्बिनने १९१० च्या सुमारास बांधलेलं लाकडी घर अजून उभं आहे. एक गिर्यारोहण संस्था ते सांभाळते आणि ट्रेकर तिथे मुक्काम करतात. बाकी बहुतेक घरं पाडली गेली, जाळली गेली किंवा कुजून गेली. झाडी इतकी वाढली की १९७६ मध्ये उद्यानाचा सुमारे चाळीस टक्के भाग कायद्याने 'रानवट प्रदेश' म्हणून जाहीर झाला. म्हणजे जिथे मक्याची शेतं आणि सफरचंदाच्या बागा होत्या, ते आता नकाशावर माणसाचा हात न लागलेलं रान आहे. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या प्लॉटचा जमीनवापराचा इतिहास न बघता 'नैसर्गिक वन' असा कॉलम भरू नका, तो याचसाठी.

नव्वदच्या दशकात विस्थापितांच्या मुला-नातवंडांनी एकत्र येऊन जुनी कागदपत्रं खुली करा आणि प्रदर्शनात आमची बाजू मांडा, असा आग्रह धरला. पुढे बिग मेडोजच्या माहिती केंद्रातलं प्रदर्शन बदललं, त्यात हटवलेल्या लोकांची गोष्ट आली. उद्यानाला लागून आठ काउंट्या आहेत. तिथे आता चुलीच्या दगडी धुराड्यासारखी स्मारकं बांधली गेली आहेत आणि त्यांवर त्या-त्या भागातल्या कुटुंबांची आडनावं कोरली आहेत. धुराडंच का? घर पडलं तरी दगडी धुराडं उभं राहतं. जंगलात वस्तीची खूण शोधायची ती त्यावरूनच.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. छापील पुस्तकावर शंका कशाच्या जोरावर घ्यायची? लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक महत्त्वाच्या संदर्भाला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

१. हा डेटा कोणी गोळा केला, आणि त्याच व्यक्तीने तो आणखी कोणासाठी गोळा केला होता? (सायझरबाई आठवा.)

२. मोजणी कोणत्या वर्षी झाली, आणि ते वर्ष नेहमीसारखं होतं का?

३. एकाच वेळचा फरक हा काळानुसार झालेला बदल म्हणून तर मांडलेला नाही ना?

४. ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांनी स्वतः काही लिहून, बोलून किंवा टाकून ठेवलंय का?

५. हा निष्कर्ष खरा मानला तर कोणाचं काय जाईल?

पाचवा प्रश्न मेथडॉलॉजीच्या पुस्तकात सहसा नसतो. पण तुम्ही गावात, पाड्यावर, झोपडपट्टीत किंवा शाळेत फील्डवर्कला जाणार असाल, तर प्रश्नावली छापायच्या आधी तो विचारून घ्या. तुम्ही ज्या रकान्यात 'मागास' किंवा 'दुर्गम' लिहाल, तो रकाना पुढे कोणाच्या तरी फाइलला जोडला जाणार आहे.

तुमच्या विषयात जुनं वर्णन नव्या पुराव्याने बदललं असं काही असेल तर जरूर कळवा. पुढच्या लेखात जमिनीचे जुने दस्त आणि मोजणीचे नकाशे संशोधनासाठी कसे वाचायचे ते बघू.